आत्याच्या पाठीचं आधी विचारा

पत्र (थोडं कापून):

“मॅडम, आम्ही नागपुरात मानेवाड्याला राहतो. मुलगी साडेबारा वर्षांची आहे, यंदा सातवीत गेली. माझ्या भावाच्या लग्नासाठी तिचा घागरा शिवायला टाकला होता. टेलरताईंनी माप घेताना विचारलं, ‘हिचा एक खांदा वर काहून आहे?’ ब्लाउज दोनदा उसवला तरी गळा एका बाजूला ओढतच होता. मग हाडाच्या डॉक्टरांना दाखवलं. उभं करून एक्स-रे काढला. रिपोर्टमध्ये आहे: छातीच्या भागात उजवीकडे बाक, कॉब अँगल २४, रिसर १, मणक्यांची ठेवण नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, ‘इडिओपॅथिक आहे, चार महिन्यांनी या,’ आणि पाच मिनिटांत आम्ही बाहेर.

सासूबाई म्हणतात, ग्रहणात तू भाजी चिरली होती, आमच्याकडे तर कुणालाच असं नाही. (मोठ्या नणंदबाई नेहमी दोन्ही खांद्यांवरून पदर घेतात, त्यांची पाठ थोडी अशीच आहे, पण त्या लहानपणी पडल्या होत्या म्हणतात.) मिस्टर म्हणतात दप्तरामुळे झालं. शेजारच्या काकू म्हणतात, मोबाइल घेऊन वाकडी लोळून राहते, हाड बसवणाऱ्याकडे न्या. सासूबाई तिच्यासमोरच लग्नाचं काढतात. मी रात्री वाचत बसते तर मारफान, ट्यूमर, स्नायूंचे आजार, किडनी असं काय काय निघते. मुलगी उंच आणि सडपातळ आहे, बोटं लांब आहेत, चष्मा आहे, पाठीवर एक तपकिरी लासं आहे. पाळी सुरू होऊन चार महिने झाले. एमआरआय करून टाकू का? धाकटा मुलगा नऊ वर्षांचा आहे, त्यालाही होईल का? माझ्याकडून काय चुकलं?”

ताई,

शेवटचा प्रश्न आधी घेते. तुमच्याकडून काही चुकलेलं नाही. तुमचं मन राखायला म्हणत नाहीये, तुमच्या हातातला रिपोर्टच तसं सांगतो.

ग्रहणाचं उरकून टाकू. मणके गरोदरपणाच्या पहिल्या आठ आठवड्यांत घडतात. कित्येकींना तोवर दिवस गेलेत हेसुद्धा धड कळलेलं नसतं. त्या काळात एखादा मणका अर्धाच तयार झाला, किंवा दोन मणके एका बाजूने जोडलेले राहिले, तर मूल वाढताना कणा एकीकडे कलत जातो. हा झाला जन्मजात बाक. आईची शुगर ताब्यात नसणं, फिट्सवरची व्हॅल्प्रोएटसारखी औषधं, अशा काही गोष्टींशी त्याचा संबंध आढळलेला आहे, आणि बऱ्याचदा काहीच कारण सापडत नाही. विळी मात्र त्यात कुठेच नाही. मुळात तुमच्या मुलीचा बाक या प्रकारातला नाहीच. अर्धा मणका एक्स-रेत दिसतो, आणि तुमच्या रिपोर्टमध्ये मणक्यांची ठेवण नॉर्मल लिहिली आहे. जन्मजात बाक असलेल्या मुलांच्या मूत्रपिंडांची सोनोग्राफी आणि हृदयाची टूडी इको करतात, कारण हे अवयवही त्याच सुमारास घडत असतात आणि एकात खोट निघाली तर दुसऱ्यात असण्याची शक्यता वाढते. रात्री वाचताना तुम्हाला किडनी सापडली ती बहुधा इथली. ती तुमच्या मुलीच्या फायलीत आणू नका.

डॉक्टरांनी ‘इडिओपॅथिक’, म्हणजे नेमकं कारण माहीत नसलेला, म्हटलं तेव्हा त्यांनी टाळलं असं तुम्हाला वाटलेलं दिसतं. टाळलेलं नाही. दर १० बाकांपैकी साधारण ८ याच गटातले असतात. मूल एरवी धडधाकट असतं, आणि उंची भराभर वाढायच्या वर्षांत कणा एका बाजूला जातो आणि जाता जाता स्वतःभोवती पिळतोही. एक्स-रेवर मोजलेला बाकाचा कोन, म्हणजे तुमच्या रिपोर्टमधला कॉब अँगल, १० डिग्रीच्या वर गेला की त्याला स्कोलिओसिस म्हणायचं. किशोरवयातल्या १०० मुलांमध्ये दोन-तीन जणांना तो असतो, म्हणजे तुमच्या मुलीच्या शाळेतच आणखी काही जण असतील आणि त्यांच्या घरी अजून कुणाच्या लक्षातही आलं नसेल. लहान बाक मुलामुलींत जवळपास सारखेच दिसतात. वाढत जाणारे मोठे बाक मात्र मुलींमध्ये कितीतरी जास्त.

पण हे नाव बाकीचं तपासून झाल्यावरच लावायचं असतं. म्हणून त्या पाच मिनिटांत काय काय झालं ते आठवून बघा. तिला पुढे वाकायला लावून पाठ पाहिली का? गुडघ्यावर छोटी हातोडी मारली का? पोटावर बेंबीच्या आजूबाजूला टोकदार काहीतरी हलकेच ओढून पाहिलं का? तळपायाची कमान पाहिली, दोन्ही पाय सारख्या उंचीचे आहेत का ते बघितलं? घरात आणखी कुणाला आहे का, हे विचारलं? सरावलेल्या हाताला एवढ्याला फार वेळ लागत नाही, त्यामुळे पाच मिनिटं म्हणजे निष्काळजीपणा असं मी म्हणणार नाही. समजावून सांगायला आणखी पाच मिनिटं द्यायला हवी होती, हे मात्र खरं. यातलं काही झालं नसेल तर पुढच्या वेळी आपणहून सांगून करून घ्या. चांगला डॉक्टर रागावत नाही. रागावला तर दुसरा बघा.

आता नणंदबाई. तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ तुम्ही कंसात टाकली आहे.

सासूबाई म्हणतात आमच्याकडे कुणालाच नाही, आणि त्यांचीच लेक उन्हाळा असो की लग्नघर, दोन्ही खांदे झाकून बसते. इडिओपॅथिक बाक असलेल्या १० मुलांपैकी सुमारे तिघांच्या घरात आणखी कुणाला तरी तो असतो. अगदी सारख्या दिसणाऱ्या जुळ्यांत एकाला असला तर दुसऱ्यालाही असण्याचं प्रमाण सुमारे ७३ टक्के सापडलं, वेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांत ३६ टक्के. म्हणजे अनुवंशाचा हात आहे, पण पूर्ण खेळ त्याचा नाही, नाहीतर पहिला आकडा १०० असता. एकाच जनुकाचं हे काम नाही, बरीच जनुकं थोडाथोडा वाटा उचलतात. २०११ मध्ये जपानी संशोधकांनी त्यातलं एक दाखवून दिलं, नंतर आणखी सापडली. ती आईकडून येतात तशी बापाकडूनही येतात. तेव्हा ‘तुमच्याकडून आलं की आमच्याकडून’ हा वाद कुठल्याच तपासणीने मिटणारा नाही, आणि मिटला तरी बाक एका डिग्रीनेही कमी व्हायचा नाही.

तरीही नणंदबाईंना विचारा, आणि एकट्या असताना विचारा. ‘लहानपणी पडली’ हे उत्तर आपल्याकडे घरोघरी तयार असतं. मणका मोडल्याशिवाय नुसत्या पडण्याने कणा असा पिळत नाही. त्यांना विचारायचं ते हे: पाठ अशी आहे हे पहिल्यांदा कधी लक्षात आलं? एक पाय बारीक आहे का, लहानपणापासून लंगडतात का? तसं असेल तर तो पोलिओ असू शकतो. त्यांच्या लहानपणी आपल्याकडे पोलिओ सर्रास होता. नैसर्गिक पोलिओ विषाणूचा देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला, आणि २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. पोलिओत एका बाजूचे स्नायू लुळे पडतात आणि कणा ओढला जातो. तो भाचीकडे येत नाही. लहानपणी बरेच महिने ताप, अंथरुणाला खिळणं, लांबलचक औषधं असं काही झालं होतं का? मणक्याच्या टीबीने पाठीत बहुतेक वेळा पुढे झुकणारं, मधेच टोक आलेलं कुबड येतं. तेही अनुवंशिक नाही. छातीचं ऑपरेशन किंवा पाठीवर मोठं भाजणं झालं असेल तर आतून-बाहेरून ओढ बसूनही कणा वाकतो. यातलं काहीच नसेल, आणि बारा-तेराव्या वर्षी धडधाकट असताना हळूहळू खांदा वर गेला असेल, तर आत्या-भाचीचा बाक एकाच जातीचा असण्याची शक्यता मोठी.

ही माहिती डॉक्टरांना सांगायची आहे. सासूबाईंना ऐकवायचा मोह होईल, मला कळतं, पण तो आवरलेला बरा. नणंदबाईंनाही या निमित्ताने एक एक्स-रे काढून घ्यायला सांगा. वाढ संपल्यावर ३० च्या आतले बाक सहसा जागच्या जागी राहतात, पण ५० च्या पुढचे मोठेपणीही वर्षाला साधारण एक डिग्रीच्या चालीने वाढत राहतात. छातीतला बाक फार मोठा असेल तर जिना चढताना दम लागतो आणि माणूस ‘वय झालं’ म्हणून सोडून देतं.

मारफानचं घ्या. हा शरीराला धरून ठेवणाऱ्या ऊतींचा जन्मजात आजार. तुमच्या वर्णनाने तुम्ही स्वतःच घाबरल्या आहात: उंच, सडपातळ, लांब बोटं, चष्मा. एक गोष्ट लक्षात घ्या, इडिओपॅथिक बाक असलेल्या मुली त्यांच्या वयाच्या इतर मुलींपेक्षा थोड्या उंच आणि बारीक असतात, असं बऱ्याचदा आढळतं. आणि सातवीतल्या चष्म्याचं आश्चर्य वाटायचे दिवस गेले. तरी घरबसल्या एक मोजमाप करा. शिलाईची टेप घ्या. तिला भिंतीला पाठ लावून उभी करा, दोन्ही हात खांद्याच्या रेषेत आडवे ताणायला सांगा, आणि एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजा. मग उंची मोजा. सर्वसाधारणपणे दोन्ही आकडे जवळपास सारखे येतात. हातांची लांबी उंचीच्या १.०५ पटीहून जास्त निघाली, म्हणजे उंची १५२ सेंटीमीटर आणि हात १६० च्या वर, तर ते टिपून ठेवा. दुसरं, अंगठा तळहातात दुमडून त्यावर मूठ बंद करायला सांगा. अंगठ्याचं अख्खं नख करंगळीच्या बाजूने बाहेर आलं, तर तेही टिपा. एक सावधगिरी: कणा वाकला की उंची थोडी कमी भरते, त्यामुळे हात उगाच लांब वाटतात. म्हणून एका आकड्यावरून निकाल लावू नका. छातीचं हाड आत गेलेलं किंवा बाहेर आलेलं, टाळू खूप उंच, डोळ्याचं भिंग सरकलेलं, घरात कुणी तरुणपणी हृदयाच्या मोठ्या रक्तवाहिनीच्या त्रासाने अचानक गेलेलं, असं सोबत काही असेल तरच पुढे जायचं. मारफान असलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांचा कणा वाकडा असतो, पण वाकडा कणा असलेल्यांपैकी मारफान असलेले फार थोडे. रात्री वाचताना ही उलटसुलट नेहमी होते. शंका उरली तर डोळ्यांची तपासणी आणि एक टूडी इको, एवढ्यात पुष्कळसं स्पष्ट होतं. आणि मारफान खरंच निघाला तर पाठीपेक्षा हृदय जपायला लागतं, म्हणून तो शोधायचा.

लासं एकच असेल तर सोडून द्या. अशी दुधाळ चहाच्या रंगाची लासं सहा किंवा जास्त असतील, वयात आलेल्या मुलीत प्रत्येक दीड सेंटीमीटरहून मोठं, काखेत बारीक ठिपके, कातडीखाली मऊ गाठी, तर न्यूरोफायब्रोमॅटोसिस नावाचा आजार बघावा लागतो. त्यातला बाक कधी कधी फार आखूड आणि झपाट्याने वाढणारा असतो. एकदा आंघोळीच्या वेळी सगळ्या अंगावर नजर टाका. कमरेच्या खाली मध्यभागी केसांचा झुपका, खोल खळगा किंवा चरबीची गाठ आहे का, तेही त्याच वेळी बघून घ्या. तिथे काही असेल तर आत मज्जारज्जू अडकलेला असू शकतो.

यावरून एमआरआयकडे येते. साडेबाराव्या वर्षी, उजवीकडे छातीत बाक, दुखणं नाही, हातापायांची ताकद नीट: हे इतकं नेहमीचं चित्र आहे की तपासणी नॉर्मल असेल तर एमआरआय लागत नाही. तो लागतो केव्हा, ते सांगते. छातीतला बाक डावीकडे असेल. १० वर्षांच्या आत सुरू झाला असेल आणि २० च्या वर असेल. महिन्याला एक डिग्रीहून वेगाने वाढत असेल. खोकलं-शिंकलं की डोक्याच्या मागे ठणका लागत असेल, हाताला गरम-गार कळत नसेल, एका पायाची कमान दुसऱ्यापेक्षा खूप उंच झाली असेल, लघवीवरचा ताबा सुटत असेल. पोटावर ओढून पाहायची जी तपासणी वर सांगितली, त्यात बेंबी एका बाजूला हलली आणि दुसऱ्या बाजूला हललीच नाही, तर तीही मोठी खूण. अशा मुलांत काही वेळा मेंदूचा खालचा भाग मानेत उतरलेला असतो, त्याला कियारी म्हणतात, किंवा मज्जारज्जूच्या आत पाणी साठलेलं असतं. तिथे आधी त्यावर उपचार होतात, बाकाचं नंतर.

दुखण्याचं वेगळं सांगते. दिवसभर बसून, नाचून, खेळून पाठ भरून येणं या मुलींमध्ये नेहमीचं आहे, त्याला घाबरू नका. पण रात्री झोपेतून उठवणारं, एका जागी बोट ठेवून दाखवता येईल असं दुखणं, वेदनाशामक गोळी घेतली की तासाभरात पळणारं, हे स्कोलिओसिसचं लक्षण नव्हे. मणक्यात ऑस्टिओइड ऑस्टिओमा नावाची छोटीशी गाठ असली तर असं होतं. कॅन्सर नाही, पण स्नायू आखडून कणा एकीकडे ओढला जातो. सोबत संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणं असेल तर आपल्याकडे टीबी आधी डोक्यात यायलाच हवा.

स्नायूंचे आजार तुमच्या मुलीला लागू नाहीत, हे पत्रावरूनच दिसतं. पण हे सदर इतर आयाही वाचतात, म्हणून थोडक्यात. सेरेब्रल पाल्सी, ड्युशेन, एसएमए, स्पायना बायफिडा असे मेंदूचे, मज्जातंतूंचे किंवा स्नायूंचे आजार असलेल्या मुलांमध्ये कणा धरून ठेवणारे स्नायूच साथ देत नाहीत, म्हणून तो कोसळतो. ड्युशेनमध्ये चालणं थांबल्यावर तो वेगाने वाढतो. अशा मुलांची खुर्ची, बसायची पद्धत आणि फुप्फुसं यांकडे दर भेटीला लक्ष हवं. एकाच वेळी इतक्या डॉक्टरांना दाखवताना दमछाक होते, तरी.

आता घरातले बाकीचे आरोपी. दप्तराने पाठ दुखते, खांद्यावर वळ येतात, ते वजनाच्या १० टक्क्यांच्या आत असावं असं सरकारी धोरणही २०२० मध्ये आलं. मिस्टरांनी तिचं दप्तर एकदा काट्यावर ठेवून बघावं, जास्त भरलं तर शाळेत जाऊन बोलावं. पण दप्तराने असा पिळलेला बाक येत नाही. मोबाइल घेऊन लोळण्यानेही नाही. खात्री करायची तर तिला पाय जुळवून, गुडघे सरळ ठेवून, तळहात एकमेकांना लावून सावकाश पुढे वाकायला सांगा. तुम्ही मागे बसा, डोळे तिच्या पाठीच्या पातळीत आणा. वाकडं बसायच्या नुसत्या सवयीत वाकल्यावर दोन्ही बाजू सारख्या होतात. तुमच्या मुलीच्या पाठीच्या उजवीकडच्या बरगड्या डावीकडच्यांपेक्षा वर आलेल्या दिसतील. ब्लाउज त्याच बरगड्यांवर अडत होता. टेलरताईंना एकदा चहाला बोलवा, त्यांची नजर पक्की आहे. एक पाय आखूड असला तरी उभं राहिल्यावर कणा वाकडा दिसतो, पण तो स्टुलावर बसवलं की सरळ होतो. हेही त्याच वेळी बघता येईल.

हाड बसवणाऱ्याकडे नेऊ नका. बाहेरून दाबून, कडकड आवाज काढून पिळलेला कणा सरळ होत नाही. चांगल्यात चांगलं म्हणजे काही होणार नाही, वाईटात वाईट म्हणजे दुखापत, आणि दोन्हींत मधले महिने वाया जातील. तुमच्याकडे कमी काही असेल तर ते महिनेच आहेत.

कारण २४ हा आकडा काठावरचा आहे. रिसर हा कमरेच्या हाडावरून वाढ किती झाली ते सांगणारा आकडा, आणि १ म्हणजे वाढ अजून बरीच बाकी. उंची सगळ्यात जोरात पाळी सुरू व्हायच्या आधी वाढते, पण नंतरही साधारण दोन वर्षं कमी कमी होत वाढते. २० ते २९ मधला बाक आणि रिसर ० किंवा १, अशा मुलामुलींवर लक्ष ठेवलं तेव्हा तिघांपैकी दोघांचा वाढला, असं १९८४ च्या एका मोठ्या अमेरिकन पाहणीत दिसलं होतं. म्हणून चार महिन्यांची तारीख पाळा. परीक्षा, पाहुणे, गणपती, काही आड येऊ देऊ नका. एक्स-रे शक्यतो त्याच सेंटरला, उभ्याने, पूर्ण कणा एका फिल्मवर, आणि किरणं पाठीकडून येतील असा काढायला सांगा, त्याने छातीला किरणांचा मारा कमी बसतो. गल्लीतल्या प्रत्येक सेंटरवर एवढी लांब फिल्म निघत नाही, आधी फोन करून विचारा. आणि २४ चा २७ आला म्हणून रडत बसू नका. मोजण्यातच पाच डिग्री इकडेतिकडे होतात. ३० आला तर खरंच वाढला.

२५ च्या पुढे आणि वाढ बाकी असेल तर ब्रेस देतात, आपल्याकडे लोक त्याला बेल्टच म्हणतात. तो बाक पुसत नाही, वाढायचा थांबवतो. अमेरिका-कॅनडातला एक मोठा अभ्यास २०१३ मध्ये आला. वाढ संपेपर्यंत बाक ५० च्या आत राहिलेल्यांचं प्रमाण ब्रेसवाल्यांत ७२ टक्के आणि नुसतं लक्ष ठेवलेल्यांत ४८ टक्के होतं. दिवसाला १३ तासांच्या आसपास किंवा जास्त घातलेल्यांत ते ९० च्या पुढे गेलं, आणि तास मुलांच्या सांगण्यावर नाही, ब्रेसमध्ये बसवलेल्या सेन्सरवर मोजले होते. आता नागपूरचा मे महिना डोळ्यांसमोर आणा, पारा ४५ ला आणि अंगावर प्लास्टिकचं कवच. इथे पोरी हट्ट करून नाही, घामोळ्यांनी वैतागून काढून टाकतात. वेळ आली तर सुरुवात हिवाळ्यात पडेल असं बघा. आत शिवण नसलेलं सुती बनियान, दिवसात दोन-तीनदा बदलायचं. ब्रेसखाली क्रीम-पावडर काही नाही. कूलरसमोरचे तास, म्हणजे रात्र आणि दुपारची सुट्टी, ब्रेसचे ठेवा, उन्हातला शाळेचा रस्ता आणि खेळाचा तास मोकळा सोडा. हे गणित तिच्या डॉक्टरांशी बोलूनच मांडायचं. पोहणं, नाच, कबड्डी चालू ठेवा. त्याने बाक जात नाही, पण ती मोकळी राहते. बाकासाठीचे खास व्यायाम शिकवणारा फिजिओथेरपिस्ट मिळाला तर जरूर लावा, ब्रेसच्या जागी नव्हे, जोडीला.

ऑपरेशनचा विचार ४५-५० च्या पुढे. २४ ला कुणी तो विषय काढला तर तिथून उठा. दुसरं मत हवं असेल तर नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या किंवा मिहानमधल्या एम्सच्या ऑर्थो ओपीडीत दाखवा. पुढे कधी मोठा खर्च समोर आला तर जनआरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

लग्नाचं. बाक असलेल्या बायकांना दिवस राहतात, त्यांची बाळंतपणं होतात, बहुतेकींची नेहमीसारखीच. फक्त कण्यात भूल द्यायची झाली तर भूलतज्ज्ञाला आधी सांगायचं. साडेबारा वर्षांच्या पोरीसमोर हा विषय घरात निघायलाच नको, आणि ते सासूबाईंना तुम्ही नाही, तुमच्या मिस्टरांनी सांगायचं. ती सगळं ऐकत असते. तिला आकडा सांगा, एक्स-रे दाखवा, कुठून कुठे रेघ मारून २४ मोजले ते डॉक्टरांकडून तिला समजावून घ्या. आपल्याच पाठीची गोष्ट दाराआडून ऐकणाऱ्या मुलीला ब्रेस घालायला राजी करणं फार अवघड जातं.

राहिला धाकटा. बहिणीला आहे म्हणून त्याला असण्याची शक्यता इतर मुलांपेक्षा जास्त, सख्ख्या भावंडांत आणि मुलाबाळांत मिळून १० मध्ये एकाच्या आसपास. म्हणजे १० पैकी नऊ वेळा नाही. मुलांची उंची उशिरा वाढते, त्यामुळे त्याचं लक्ष ठेवायचं वय अजून यायचं आहे. पुढच्या भेटीला त्यालाही सोबत न्या, डॉक्टर एकदा वाकवून बघतील. मग तुम्ही घरी दर सहा महिन्यांनी तेच करा, सोळाव्या वर्षापर्यंत. वाकल्यावर काही दिसलं तरच एक्स-रे, नाहीतर नको.